न दुखणारे दुखणे

रोग हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. पटकी, प्लेग अशा रोगांना ती तंतोतंत लागू पडते. सकाळी धडधाकट शेतावर गेलेला माणूस दुपारी खाटेवर घालून घरी आणावा लागे; रोग आला हे साऱ्या गल्लीला कळे. कर्करोगाची चाल याच्या अगदी उलट आहे. तो येतो मुंगीच्या पावलाने. ज्याच्या अंगात तो वर्षानुवर्षे चालत असतो त्यालाच त्याची चाहूल नसते, आणि हत्तीचे पाऊल ऐकू येते तेव्हा पुष्कळदा वेळ हातची गेलेली असते.

आम्ही डॉक्टर नव्हे. कारखान्यांच्या दारांत आणि कामगारांच्या वस्त्यांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांपैकी आम्ही. तथापि आमच्या एका जवळच्या सहकाऱ्याला या रोगाने नेले. त्या निमित्ताने जे वाचावे लागले, दवाखान्यांच्या बाकांवर बसून जे विचारावे लागले, ते आपल्या गावच्या लोकांपुढे मांडावे म्हणून हा प्रपंच.

चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना उभे राहावे आणि कामगाराला प्रकृती विचारावी. "बरी आहे" किंवा "दुखतंय जरा" यांपैकी एक उत्तर येईल. तिसरे उत्तर त्याला ठाऊक नाही. 'दुखणे' या एकाच शब्दात आपल्या भाषेने वेदना आणि आजार ही दोन्ही घातली आहेत, त्यामुळे दुखत नाही म्हणजे आजार नाही हे समीकरण आपण शब्दाबरोबरच शिकतो. त्यातून थोडेसे दुखले तर ते अंगावर काढायचे. रोजावर पोट असलेल्या माणसाच्या दृष्टीने यात शहाणपणही आहे. कंबर धरते, डोके दुखते, दोन दिवसांनी राहते; दर वेळी दवाखाना गाठला तर महिनाअखेरीस हाती काय येणार? बहुतेक किरकोळ दुखण्यांना हा हिशेब पुरतोही. कर्करोगाला तो पुरत नाही, आणि का पुरत नाही हे समजून घेण्यासाठी थोडे शरीरशास्त्रात शिरले पाहिजे.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात. एकीच्या दोन होतात आणि गरज संपली की थांबतात. केव्हा वाढायचे आणि केव्हा थांबायचे याचा हुकूम पेशीच्या पोटातच लिहिलेला असतो. हा हुकूम एखाद्या पेशीत बिघडतो. कधी तंबाखूतील द्रव्यांमुळे, कधी किरणांमुळे, कधी एखाद्या विषाणूमुळे, आणि कधी नुसत्या नकलेच्या चुकीमुळे. असे बिघाड एकावर एक साचत गेले की ती पेशी थांबायचे विसरते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. ही दुप्पट सुमारे तीस वेळा झाली की शंभर कोटी पेशी होतात, आणि शंभर कोटी पेशींची गाठ केवढी असते? जेमतेम एक सेंटिमीटर, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी. इथे ती बोटाला लागू शकते. यापुढे आणखी दहाच दुपटी झाल्या तर हिशेबाने किलोभर वजन होते. रोगी तेवढा जगतच नाही. म्हणजे रोगाच्या आयुष्याचा तीन-चतुर्थांश भाग ती गाठ हाताला लागण्यापूर्वीच उलटून गेलेला असतो. (खऱ्या शरीरात सगळ्याच पेशी जगत नाहीत आणि दुपटीचा वेगही सारखा नसतो, पण हिशेबाचा रोख खरा आहे.)

या सर्व काळात दुखत का नाही? वेदना ही मज्जातंतूंची हाक आहे. तंतूवर दाब आला, हाड पोखरले गेले, जखमेत पू झाला की हाक येते. वाढणारी पेशी ही बाहेरून आलेली शत्रू नव्हे, आपल्याच घरची. ती मुकाट्याने जागा वाढवीत असते. प्लेगची गाठ ठणकते. स्तनातील कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा ठणकत नाही, आणि म्हणूनच बायका ती सहा-सहा महिने पदराआड ठेवतात.

तोंडाचे उदाहरण घेऊ. भारतीय पुरुषांत तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत अधिक आहे, आणि हा असा अवयव आहे की त्यात डोकावायला यंत्र लागत नाही. आरसा आणि विजेरी पुरते. गालाच्या आत, जिथे तंबाखूचा बार धरला जातो तिथे, आधी पांढरा चट्टा उमटतो. तो पुसला जात नाही. कधी लाल, मखमलीसारखा चट्टा येतो. हा पांढऱ्यापेक्षा अधिक वाईट. सुपारी आणि गुटखा खाणाऱ्यांत गालाचे आतले अस्तर ताठ होत जाते, तिखट सोसत नाही, तोंड कमी उघडू लागते. आपलीच तीन बोटे उभी एकावर एक धरून दातांच्या फटीतून आत जातात का, ही घरच्या घरी करण्याची परीक्षा आहे. या सर्व पायऱ्या कर्करोगाच्या आधीच्या. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होतो असे नाही. तंबाखू-सुपारी सोडली तर काही चट्टे मावळतातही. पुढची पायरी म्हणजे दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम. इतके होईपर्यंतही दुखत नाही, किंवा दुखले तर दात दुखल्यासारखे दुखते.

आमचे सहकारी एका कारखान्यात फिटर होते. पण लोक त्यांना ओळखत ते वक्ते म्हणून. द्वारसभेत ध्वनिक्षेपक बंद पडला तरी त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाई. बोलता बोलता डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना मळायचा आणि मुद्दा संपला की बार भरायचा, अशी त्यांची लकब होती. तंबाखू त्यांना रात्रपाळीत लागली. पहाटे तीनला डोळा लागू नये, भूक मरावी, यासाठी ती शेजारच्या यंत्रावरच्या माणसाने दिली होती. आमच्या हजारो माणसांना ती अशीच लागते.

पहिल्यांदा त्यांना ठेचा सोसेना. नंतर भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. अख्खा पेरू कडाकड चावणारा हा माणूस पेरूच्या फोडी करून मागू लागला, तेव्हा मंडळींनी वयाची थट्टा केली आणि तेही हसले. "दुखत तर नाही, मग डाक्टरकडं जाऊन सांगू काय?" हा त्यांचा सवाल असे, आणि त्याला कोणाजवळ उत्तर नसे. त्यातच वेतनकराराची बोलणी सुरू होती. एक दात हलत होता तो काढून टाकला. तिथली जखम भरली नाही. "करारावर सह्या होऊ द्या, मग बघू." सह्या झाल्या. चांगला करार झाला तो. तोवर गळ्याला खाली एक गाठ आली होती. तिथला तुकडा काढून तपासला आणि कागदावर नाव आले.

तुकडा काढू द्यायलाही घरच्यांनी आठवडा घेतला. 'या रोगाला लोखंड लावले की पसरतो' असा समज आपल्याकडे फार घट्ट आहे, आणि तो किती जीव घेतो याची गणती नाही. तपासणीसाठी तुकडा काढल्याने रोग पसरल्याचा अनुभव ज्या डॉक्टरांना आम्ही विचारले त्यांपैकी एकालाही नव्हता. समजाचे मूळ बहुधा असे असावे: माणसे उशिरा येतात, तपासणी होते, आणि थोड्याच दिवसांत मरतात; मग दोष सुईला लागतो.

शस्त्रक्रियेत खालच्या जबड्याचा एक भाग आणि जिभेची कड गेली. पुढे किरणोपचार, वॉर्डातली माणसे त्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात. नाकातून नळी होती. ज्याचा आवाज शेवटच्या रांगेला जाई तो माणूस दोनशे पानी वहीत लिहून बोलू लागला. त्या वहीत रडगाणे जवळजवळ नाही. कारखान्यात माल किती निघाला, नव्या मुलांना कायम केले का, अमक्याच्या मुलीचे लग्न ठरले का, हेच पानोपानी. एके ठिकाणी मात्र एवढेच आहे: 'पाणी गिळणे हेसुद्धा एक काम आहे, हे मला पंचावन्न वर्षे माहीत नव्हते.' निदानापासून चौदाव्या महिन्यात ते गेले.

या वाक्याने आम्हांस पुष्कळ विचार करायला लावले. एक घोट पाणी घशाखाली जाण्यासाठी तोंडातील आणि घशातील स्नायूंच्या पंचवीस-तीस जोड्या ठराविक क्रमाने हलाव्या लागतात. त्याच वेळी श्वासनलिकेवर झाकण पडावे लागते, नाहीतर पाणी फुप्फुसात जाईल. एखाद्या यंत्रावर एवढ्या हालचाली जुळवायच्या तर टूलरूमच्या माणसांचे महिने जातील. शरीर हे दिवसातून शेकडो वेळा करते आणि आपल्याला त्याची वर्दीही देत नाही. आरोग्य म्हणजे नेमके हे वर्दी न देणे होय. आरोग्याला आपण संपत्ती म्हणतो, पण संपत्ती मोजता येते, पगार सात तारखेला हातात पडतो, पतपेढीच्या पुस्तकात शिल्लक लिहून येते. आरोग्याची शिल्लक कोणी लिहून देत नाही. ते सांगते तेव्हा फक्त तूटच सांगते. गुडघा आहे हे गुडघा धरल्यावर कळते.

यात अडचण अशी की निरोगी शरीर गप्प असते आणि कर्करोगाची सुरुवातही गप्प असते. कानाला दोन्ही सारखीच. आमच्या सहकाऱ्याने आपल्या प्रकृतीविषयी जे जे सांगितले ते त्याला जाणवत होते तितके खरेच होते. त्याला दुखत नव्हते. म्हणून आरोग्याची कदर करायची तर 'बरे वाटते' एवढ्यावर ती थांबवून चालत नाही. गप्प असलेल्या घरातही कधी कधी दिवा घेऊन फिरून यावे लागते.

माणूस गेल्यावर सगळेच म्हणतात की तब्येतीला जपले पाहिजे. हे शहाणपण किती दिवस टिकते ते आम्ही पाहिले आहे. दहाव्याचा विधी आटोपून मंडळी घाटाच्या पायऱ्या चढून वर आली आणि चंच्या व पुड्या बाहेर निघाल्या. आम्ही त्यांना हसत नाही. तंबाखूचे व्यसन नुसत्या हळहळीने सुटले असते तर महाराष्ट्राच्या राजकारणातील एका घटनेनेच ते सुटावयास हवे होते. शरद पवार यांच्या तोंडाच्या कर्करोगावर २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि सुपारी-गुटख्याच्या सवयीची किंमत आपण कशी मोजली हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. त्यांचेच धाकटे सहकारी आर. आर. पाटील, सर्वांचे आबा, यांच्या तंबाखूविषयी लोक उघड बोलत. ते १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगाने गेले. वय अवघे सत्तावन्न. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली तेव्हा राज्याचे गृहमंत्री आबाच होते. नेत्याचा अनुभव ऐकून सहकारी वाचत नाही, आणि कायदा करणाऱ्या मंत्रिमंडळात बसूनही माणूस वाचत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे २४ टक्के माणसे न ओढायची, म्हणजे खायची, मळायची वा दातांना लावायची तंबाखू वापरत होती. विडी-सिगारेट ओढणारे चारांच्याही आत होते. म्हणजे आपल्याकडचा प्रश्न धुराचा नसून गालातल्या बाराचा आहे. त्यात बायकांची मिश्रीही आली.

इथे आमच्या चळवळीची एक अवघड जागा आहे, ती लपवू नये. सोलापूरच्या, सिन्नरच्या विडी कामगार बायका आमच्याच बहिणी. त्यांचे पोट तंबाखूवर आहे. तंबाखूविरुद्ध बोलताना त्यांच्या दुसऱ्या कामाची सोय कोण लावणार हे न बोलणारा माणूस आम्हांस अर्धाच प्रामाणिक वाटतो.

तंबाखूचाच पाढा वाचणेही बरे नव्हे. ज्यांनी आयुष्यात सुपारीचे खांडही चघळले नाही अशांना कर्करोग होतो, चार वर्षांच्या पोरांना होतो. तिथे 'याने काय केले होते?' असे विचारणे हा अडाणीपणा आणि निष्ठुरपणाही आहे. शिवाय काही कर्करोग कामाच्या जागीच लागतात, आणि हे जगाला कळले ते मुळी कामगारांच्या अंगावरून. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये दाखवून दिले की धुराडी झाडणाऱ्या माणसांच्या अंडकोशाच्या कातडीला होणारा कर्करोग काजळीमुळे होतो. ही माणसे लहानपणी, चार-पाच वर्षांची असताना, उघड्या अंगाने धुराड्यांतून चढवली जात. पुढची गोष्ट आम्हांस विशेष वाटते. डेन्मार्कमधील धुराडी झाडणाऱ्यांच्या संघाने तीनच वर्षांनी, १७७८ मध्ये, आपल्या माणसांनी रोज अंघोळ करावी असे ठरवले. राजाने नव्हे, त्यांच्याच संघाने. इंग्लंडमध्ये मात्र हा रोग पुढे शंभर वर्षे रेंगाळला. मग १९२२ मध्ये मँचेस्टरकडील डॉक्टरांनी सूतगिरण्यांतील कामगारांत तोच कर्करोग नोंदवला. तिथे कारण काजळीचे नव्हते. यंत्राच्या चात्यांचे तेल पुढे वाकणाऱ्या माणसाच्या विजारीवर वर्षानुवर्षे उडत असे.

आपल्या वसाहतींत लेथवर आणि ग्राइंडरवर काम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आज चांगले शुद्ध केलेले तेल तितके घातक मानत नाहीत. परंतु न शुद्ध केलेली वा अर्धवट शुद्ध केलेली खनिज तेले कर्करोगकारक आहेत हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेले आहे. छोट्या शेडमध्ये पिंपातून जे येते ते कोणते, हे पिंपावरचा कागद मागितल्याशिवाय कळत नाही. तेलकट चिंधी खिशात ठेवणे आणि तेलाने भिजलेले कपडे आठवडाभर घालणे एवढे तरी टाळता येते. त्यासाठी साबण, पाणी आणि धुतलेले कपडे ही मागणी आहे, चैन नव्हे.

उपचाराचा इतिहास थोडक्यात सांगतो. दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने विलायतेत वारल्या, वर्षभरात दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेव्हापासून पुढची सत्तर वर्षे मराठवाड्यातल्या रोग्याला परळ हीच पंढरी होती. रात्रीची आगगाडी, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पदपथ. बरोबर आलेल्या माणसाचा रोज बुडे तो वेगळाच. कित्येक जण उपचार अर्धा टाकून परत येत, आणि त्याचे कारण रोग नसून भाडे असे. २०१२ मध्ये आपल्या गावात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले, ते घाटी रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधोपचार तिथे होतात. मराठवाड्याबरोबर विदर्भ-खानदेशातूनही माणसे येतात. रोगी गावातून परळला जाण्याऐवजी परगावचे लोक आपल्या गावात येऊन राहतात, हा बदल लहान नाही.

पण रुग्णालय जवळ आल्याने रोगी लवकर येतोच असे नाही. तो दुखल्यावरच येणार. न दुखणाऱ्याला आधी शोधायचे कसे, याचे उत्तर देणारा एक मोठा प्रयोग आपल्याच शेजारी झाला आहे आणि आपल्यापैकी फार थोड्यांना तो माहीत आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये तो सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि वर सांगितलेली आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून तो केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून काही गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी निरनिराळ्या तपासण्या केल्या, आणि काही गटांत नेहमीचे होते तसेच राहू दिले. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या ३४ हजार स्त्रियांची विषाणूसाठी एकच वेळ तपासणी झाली त्यांत आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या ३१ हजारांची तपासणी झाली नाही त्यांत ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. शेतमजुरी करणाऱ्या, दुखणे अंगावर काढणाऱ्या बायकांनी अंगणात आलेल्या कार्यकर्तीवर विश्वास ठेवला, म्हणून जगातील अनेक देशांनी पुढे आपली धोरणे आखताना या आकड्यांकडे पाहिले.

ज्या स्त्रियांना तुलनेसाठी बिनतपासणीचे ठेवले त्यांचे काय, हा प्रश्न मागाहून विचारला गेला आणि त्यावर कडक वाद झाला. तो प्रश्न रास्त आहे. त्या चौसष्टांमध्येही कोणाची आई होती. ज्ञान मिळवताना त्याची किंमत गरिबाच्या वस्तीत वसूल होते, ही रीत पॉटच्या काळापासून चालत आली आहे, आणि ती मुकाट्याने मान्य करण्याचे कारण नाही.

तोंडाच्या कर्करोगाविषयी असाच प्रयोग केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झाला. सुमारे १ लाख ९० हजार माणसे त्यात होती. तोंडे पाहणारे डॉक्टर नव्हते. पदवीधर मुलेमुली शिकवून तयार केली होती. २००५ मध्ये निष्कर्ष आला की तंबाखू वा दारूचे सेवन करणाऱ्यांत तपासणीमुळे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. विजेरी, आरसा आणि शिकवलेले डोळे, एवढ्यावर. २०१६ पासून तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचे तोंड, आणि स्त्रियांचे स्तन व गर्भाशयमुख, सरकारी आरोग्यकेंद्रांत पाच वर्षांतून एकदा पाहावे असे केंद्र सरकारचे धोरण आहे. आपल्या केंद्रात जाऊन "माझे तोंड पाहा" म्हणणारा निरोगी माणूस मात्र आम्हांस अजून विरळाच भेटतो. दुखत नसताना दवाखान्यात जायचे म्हणजे त्याला भित्रेपणा वाटतो.

भित्रेपणापेक्षा मोठा अडसर हजेरीचा आहे. कामगार विमा योजनेत आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळते. कर्करोगासारख्या दीर्घ आजारांत ८० टक्के, आणि ती दोन वर्षांपर्यंत. मात्र त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि वर्गणीचे ठराविक दिवस भरलेले असावे लागतात. ठेकेदार बदलला, मध्ये खंड पडला, की हा हक्क हातून निसटतो. २०१७ पासून योजनेला महिना २१,००० रुपयांची वेतनमर्यादा लावलेली होती. पगारवाढ होऊन त्यापलीकडे गेलेला कामगार आनंदाने पेढे वाटतो आणि आपण विम्याबाहेर पडलो हे त्याला आजारी पडल्यावर कळते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातील कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि कर्करोगाचे बरेचसे उपचार त्यात बसतात. शिधापत्रिकेवर आणि आधारपत्रावर नाव सारखे लिहिलेले आहे का, हे निरोगी असताना पाहून ठेवावे. वॉर्डात भरती झालेल्या माणसाचा मुलगा त्या एका अक्षरासाठी तहसीलच्या ओट्यावर तीन दिवस बसलेला आम्ही पाहिला आहे.

या सर्व सोयी रोग झाल्यानंतरच्या. आधीची एकच सोय आता हाताशी येते आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, आणि चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्यतपासणी मालकाने करावी अशी तरतूद जाहीर झाली आहे. त्या संहितांतील दुसऱ्या पुष्कळ गोष्टींवर आमचे भांडण आहे आणि ते चालू राहील. ही तरतूद मात्र घ्यावी. तपासणी म्हटली की वजन, रक्तदाब, साखर आणि छातीचा फोटो एवढे उरकून शिक्का मारण्याची जुनी सवय आहे. तोंड उघडून, जीभ उचलून, दोन्ही गाल आतून पाहणे त्या यादीत लिहून घेतले पाहिजे. स्त्री-कामगारांसाठी स्त्री-डॉक्टर आणि वेगळी खोली हवी. ठेक्यावरचा कामगार वगळू नये. बार भरणाऱ्यांत तोच अधिक आहे. आणि एका माणसाचे तोंड पाहायला लागणारी पाच-दहा मिनिटे पाळीच्या वेळेतली धरावीत, त्यासाठी कोणाची हजेरी कापू नये, हे कलम येत्या मागणीपत्रात बोनसच्या वरच्या ओळीत घालायचे आमच्या कार्यकारिणीने ठरवले आहे. चाळिशीच्या आतल्या माणसांचे काय, यावर अजून एकमत झालेले नाही. कारण रात्रपाळीतले पोर विसाव्या वर्षीच तंबाखू मळायला लागते, आणि त्याचा चट्टा चाळिशीची वाट पाहात नाही.